पॅकेज मॅनेजरचं व्हर्जन कुठे आणि कसं लिहायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात आम्ही मराठी बोलणारे बरेच जण जावास्क्रिप्टवर काम करतो, कोणी सुपर कॉरिडॉरकडे नोकरीला आहे, कोणी विजयनगरात दोन खोल्यांचं ऑफिस घेऊन बसलंय, आणि पुष्कळ पोरंपोरी भंवरकुआँला हॉस्टेलवर राहून अजून शिकतायत. ग्रुपवर प्रश्न येतात ते फिरून फिरून तेच, एकाच्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालतो आणि दुसऱ्याच्या नाही, आणि खोदत गेलं की अर्ध्या वेळा गाडी एनपीएम, यार्न किंवा पीएनपीएमच्या (म्हणजे पॅकेज मॅनेजरच्या, प्रोजेक्टला लागणारी इतरांची पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या टूलच्या) व्हर्जनपाशी येऊन थांबते. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केलेत. कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाकायची. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. ताई, एनपीएम तर नोडबरोबर आपोआप येतं, मग त्याचं व्हर्जन वेगळं लिहायची गरजच काय?

तेच तर कारण आहे, ते आपोआप येतं म्हणूनच प्रत्येकाकडे वेगळं असतं. नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं टूल; नोड १४ बरोबर एनपीएम ६ यायचं, नोड २२ बरोबर १० येतं, नोड २४ बरोबर ११. आणि व्हर्जन बदललं की नुसता नंबर बदलत नाही, वागणूक बदलते. एनपीएम ७ पासून पीअर डिपेन्डन्सी (एखाद्या पॅकेजला सोबत लागणारी दुसरी पॅकेजं) आपोआप बसायला लागल्या, त्यामुळे ६ वर गुपचूप चालणारा प्रोजेक्ट ७ वर 'ई-रिझॉल्व्ह' म्हणून अडतो. पीएनपीएम १० जानेवारी २०२५ मध्ये आलं आणि त्याने डिपेन्डन्सीच्या पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट (पॅकेज बसल्यावर आपोआप चालणाऱ्या) न विचारता चालवणं बंद केलं, चांगलंच केलं, पण ९ वर बसणारं एखादं नेटिव्ह पॅकेज १० वर बिल्ड न होता तसंच पडून राहतं आणि एरर येतो थेट ॲप सुरू करताना.

लॉकफाइलचं (कोणत्या पॅकेजचं नेमकं कोणतं व्हर्जन बसलं ते नोंदवणारी फाइल) तर विचारूच नका. नोड १४ च्या काळातला प्रोजेक्ट आहे, त्याच्या पॅकेज-लॉकमध्ये वरच्याच काही ओळींत लॉकफाइल-व्हर्जन १ लिहिलंय, नवीन आलेल्या मुलीने नोड २२ वर एक छोटं पॅकेज टाकलं आणि पुल रिक्वेस्ट पाठवली. पॅकेज डॉट जेसनमध्ये एका ओळीचा फरक, आणि पॅकेज-लॉकमध्ये गिटहब म्हणतंय की डिफ इतका मोठा आहे की दाखवतच नाही. तिची काही चूक नाही, नव्या एनपीएमने १ चं लॉकफाइल उचलून ३ मध्ये बदललं, तो त्याचा ठरलेला नियम आहे. पण आता रिव्ह्यू करणाऱ्याला कळणार कसं की त्यात खरंच काय बदललंय? हे टाळायचं तर प्रोजेक्टने स्वतः सांगायला हवं की मला अमुक टूलचं अमुक व्हर्जन लागतं.

२. मग हे लिहायचं कुठे?

पॅकेज डॉट जेसनमध्ये, सगळ्यात वरच्या पातळीवर, 'पॅकेजमॅनेजर' नावाच्या फील्डमध्ये. नाव, मग ॲट, मग पूर्ण व्हर्जन:

"पॅकेजमॅनेजर": "पीएनपीएम@९.१५.४"

झालं एवढंच. रीडमीमध्ये 'कृपया पीएनपीएम ९ वापरा' असं लिहिलेलं मी पुष्कळ ठिकाणी बघते, ते कोणी वाचत नाही, आणि वाचलं तरी मशीन वाचत नाही. फील्ड लिहा आणि गिटमध्ये कमिट करा.

३. तिथे '^९' किंवा नुसतं 'लेटेस्ट' लिहिलं तर चालतं का?

नाही. या फील्डमध्ये पूर्ण, नेमकं व्हर्जन लागतं, तीनही आकडे. रेंज ('९ मधलं कोणतंही' असं) लिहिली तर कोअरपॅक (फील्ड वाचून योग्य व्हर्जन चालवणारं टूल, ७ बघा) सरळ एरर देतं. लोकांना हे जाचक वाटतं पण मला विचाराल तर हेच बरोबर आहे, कारण रेंज लिहिली की आज इन्स्टॉल करणाऱ्याला एक आणि पुढच्या महिन्यात करणाऱ्याला दुसरं मिळणार, म्हणजे प्रश्न १ मधली भानगड परत सुरू. रेंज हवीच असेल तर त्यासाठी दुसरं फील्ड आहे, ते ६ मध्ये आहे.

४. आमच्या प्रोजेक्टमध्ये व्हर्जनच्या पुढे प्लस आणि मग खूप लांब काहीतरी लिहिलंय, ते काढून टाकू का?

काढू नका. तो हॅश आहे, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, बहुतेक वेळा एसएचए५१२. कोअरपॅक ते व्हर्जन डाउनलोड करतं तेव्हा आलेल्या फाइलचा हॅश याच्याशी ताडून बघतं, जुळला नाही तर चालवत नाही. 'कोअरपॅक यूज पीएनपीएम@९.१५.४' अशी कमांड दिली की हा हॅश आपोआप लिहिला जातो, हाताने लिहायची गरज पडत नाही. नुसतं व्हर्जन हाताने बदललं आणि जुना हॅश तसाच राहिला तर मात्र एरर येणारच, हा प्रश्न ग्रुपवर नेहमी येतो. तेव्हा व्हर्जन बदलायचं ते कमांडनेच, बघा २१.

५. मी फील्ड लिहिलं, 'एनपीएम@१०.९.२' असं, पण माझ्याकडे एनपीएम ११ आहे आणि ते काहीच बोललं नाही. असं का?

कारण एनपीएम हे फील्ड बघतच नाही. पीएनपीएम बघतं, यार्न बघतं, कोअरपॅक बघतं, एनपीएम नाही. आणि कोअरपॅक इनेबल केलं तरी ते डिफॉल्टने फक्त यार्न आणि पीएनपीएम हातात घेतं, एनपीएमला हात लावत नाही. एनपीएमसुद्धा त्याच्यामार्फत जायला हवं असेल तर 'कोअरपॅक इनेबल एनपीएम' असं नाव घेऊन सांगावं लागतं.

एनपीएमच वापरत असाल तर तुमच्या कामाचं फील्ड डेव्हइंजिन्स आहे (६ बघा). एनपीएम १०.९ पासून ते तपासलं जातं.

आणि एकदाच, फक्त आजच्यापुरतं जुनं एनपीएम हवं असेल तर काही बदलायची गरज नाही, 'एनपीएक्स एनपीएम@१०.९.२ सीआय' चालवा, तेवढ्या कमांडपुरतं ते व्हर्जन येतं आणि काम करून जातं.

६. इंजिन्स, डेव्हइंजिन्स आणि पॅकेजमॅनेजर, तीन तीन फील्ड कशाला? इंजिन्समध्ये लिहून भागत नाही का?

तिघांचं काम वेगळं आहे आणि हे एकदा नीट बसलं डोक्यात की बाकीचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

इंजिन्स हे मुळात तुमचं पॅकेज वापरणाऱ्यांसाठी आहे, की माझी लायब्ररी नोडच्या या या व्हर्जनवर चालते. त्यात एनपीएम किंवा पीएनपीएमची रेंज लिहिता येते, पण पाळणारा पाळेल. एनपीएम नुसती वॉर्निंग देतं आणि पुढे जातं, डॉट-एनपीएमआरसीमध्ये 'इंजिन-स्ट्रिक्ट=ट्रू' असेल तरच थांबतं. पीएनपीएम तुमच्या स्वतःच्या प्रोजेक्टचं इंजिन्स जुळलं नाही तर थांबतं. जुनं यार्न १ थांबायचं, यार्न २ पासून पुढे ते बघणंच सोडून दिलंय. म्हणजे तीन टूल, तीन तऱ्हा, यावर टीमची शिस्त उभी करू नका.

डेव्हइंजिन्स हे त्या प्रोजेक्टवर काम करणाऱ्यांसाठी. त्याच्या आत 'पॅकेजमॅनेजर' नावाचा भाग असतो, त्यात नाव, व्हर्जन आणि 'ऑनफेल' असं तिन्ही लिहायचं. इथे व्हर्जनची रेंज चालते. ऑनफेलमध्ये जुळलं नाही तर काय करायचं ते सांगता येतं, दुर्लक्ष करा, वॉर्निंग द्या किंवा एरर देऊन थांबा, काहीच लिहिलं नाही तर एनपीएम एररच देतं. 'डाउनलोड' असाही एक पर्याय आहे पण एनपीएम स्वतःला असं डाउनलोड करून बदलत नाही, तेव्हा एनपीएमवाल्यांनी त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि पॅकेजमॅनेजर म्हणजे नेमकं कोणतं व्हर्जन चालवायचं ते. दोन्ही लिहायची असतील तर जरूर लिहा, फक्त नेमकं व्हर्जन रेंजच्या आत बसतंय ना ते बघा, नाहीतर एक म्हणतं ९ आणि दुसरं म्हणतं १०, आणि भांडण तुमच्या टर्मिनलवर.

७. कोअरपॅक म्हणजे नक्की काय? आणि ते नोडमधून काढलं म्हणतात ते खरं का?

कोअरपॅक हा मधला माणूस आहे. तुम्ही 'पीएनपीएम इन्स्टॉल' टाइप केलं की खरं पीएनपीएम चालायच्या आधी कोअरपॅक मध्ये येतं, फील्ड वाचतं, ते व्हर्जन आधी उतरवलेलं नसेल तर उतरवतं आणि मग कमांड त्याच्याकडे सोपवतं. नोड १६.९ आणि १४.१९ पासून ते नोडबरोबर मिळायला लागलं, पण कायम 'एक्सपेरिमेंटल' म्हणूनच, आणि 'कोअरपॅक इनेबल' केल्याशिवाय जागं होत नाही.

आणि हो, खरं आहे. मार्च २०२५ मध्ये नोडच्या टेक्निकल स्टीअरिंग कमिटीने ठरवलं की नोड २५ पासून ते बरोबर द्यायचं नाही. नोड २४ आणि त्याआधीच्यांमध्ये ते आहे तसं राहिलं. कोअरपॅक बंद पडलेलं नाही, ते वेगळं पॅकेज म्हणून मिळतं, 'एनपीएम इन्स्टॉल -जी कोअरपॅक'. त्याआधी ग्लोबल टाकलेलं यार्न आणि पीएनपीएम काढून टाका, कारण कोअरपॅकला त्याच नावाच्या फाइली तिथे ठेवायच्या असतात आणि जागा अडलेली असली तर इन्स्टॉल अडतं.

महत्त्वाचं म्हणजे फील्ड कुठे गेलेलं नाही. कोअरपॅक नोडमधून गेलं म्हणून पॅकेजमॅनेजर फील्ड डिलीट करणारे लोक मी पाहिलेत, तसं करू नका, ते फील्ड बाकीचीही टूल वाचतात.

८. मग नव्या प्रोजेक्टमध्ये कोअरपॅक वापरू की नको?

माझं मत स्पष्ट आहे: फील्ड नेहमी लिहा, कोअरपॅक लागेल तरच वापरा. पीएनपीएम १० वापरणार असाल तर ते स्वतःच फील्ड बघून योग्य व्हर्जनवर जातं (९ बघा), तिथे मधला माणूस लागत नाही. यार्न ४ वापरणार असाल तर कोअरपॅक सोयीचं आहे, पण त्यालाही दुसरा रस्ता आहे, तो १० मध्ये. एनपीएम असेल तर डेव्हइंजिन्स पुरतं.

कोअरपॅक खरं उपयोगी पडतं ते वेगवेगळ्या क्लायंटचे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांना. इथल्या छोट्या ऑफिसांमध्ये एकाच लॅपटॉपवर पुण्याच्या क्लायंटचं यार्न ४, दुसऱ्याचं यार्न १ आणि तिसऱ्याचं पीएनपीएम ८ असं सगळं असतं, तिथे ग्लोबल इन्स्टॉल करत बसलात तर दिवस त्यातच जाईल. मिसेसारखी टूलही नोडसकट सगळं सांभाळतात, वापरा की, पण व्हर्जन दोन जागी लिहिलं जाणार असेल तर दोन्ही एकच आहेत याची जबाबदारी कोणीतरी एकाने घ्या.

९. मी पीएनपीएम १० टाकलं पण प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हर्जन विचारलं तर ९ दाखवतं! बिघडलं का काही?

काही बिघडलेलं नाही, उलट सगळं नीट चाललंय. पीएनपीएम ९.७ मध्ये ही सोय आली आणि १० पासून ती डिफॉल्टने चालू असते: फील्डमध्ये जे व्हर्जन असेल ते पीएनपीएम स्वतः उतरवून घेतं आणि तेच चालवतं. फोल्डरच्या बाहेर येऊन विचारा, १० दाखवेल. नको असेल तर 'मॅनेज-पॅकेज-मॅनेजर-व्हर्जन्स' हे सेटिंग फॉल्स करता येतं, पण का करायचं ते आधी स्वतःला विचारा.

फील्डमध्ये यार्न लिहिलेलं असताना पीएनपीएम चालवलं तर मात्र ते बदलत वगैरे नाही, हा प्रोजेक्ट यार्नसाठी आहे असं सांगून थांबतं. ते बरोबरच आहे.

१०. 'धिस प्रोजेक्ट्स पॅकेज डॉट जेसन डिफाइन्स यार्न@४' असा एरर येतो आणि ग्लोबल यार्न १.२२.२२ आहे म्हणतो. मी तर आत्ताच लेटेस्ट यार्न टाकलं!

हा बहुधा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असेल. एनपीएमवर 'यार्न' नावाचं जे पॅकेज आहे ते अजून १.२२ वरच आहे, यार्न ३ आणि ४ त्या नावाने येतच नाहीत. त्यामुळे 'एनपीएम इन्स्टॉल -जी यार्न' कितीही वेळा चालवा, १.२२ च मिळणार.

दोन रस्ते आहेत. पहिला, ग्लोबल यार्न काढा आणि 'कोअरपॅक इनेबल' करा, मग यार्न ४ आपोआप येईल. दुसरा, कोअरपॅक नकोच असेल तर प्रोजेक्टमध्ये एकदा 'यार्न सेट व्हर्जन ४.९.१ --यार्न-पाथ' चालवा, मग यार्नची अख्खी फाइलच डॉट-यार्न फोल्डरच्या आत रिलीजेसमध्ये येऊन बसते आणि डॉट-यार्नआरसी डॉट वायएमएलमध्ये तिचा पत्ता लिहिला जातो. ती फाइल गिटमध्ये कमिट करायची. मग ज्याच्याकडे जुनं ग्लोबल यार्न आहे त्याचंही यार्न हा पत्ता वाचून काम पुढच्याला सोपवतं. रेपो काही एमबीने फुगतो, पण नेट नसतानाही चालतो, आणि मला हा सौदा बरा वाटतो. डॉट-गिटइग्नोरमध्ये डॉट-यार्न सरसकट टाकलेलं असेल तर रिलीजेसला त्यातून सूट द्या, नाहीतर फाइल फक्त तुमच्याच लॅपटॉपवर राहील.

११. काल चालत होतं, आज कोअरपॅक 'कॅनॉट फाइंड मॅचिंग कीआयडी' म्हणून पडतंय.

तुमचं कोअरपॅक जुनं आहे. एनपीएम रजिस्ट्रीने २०२५ च्या सुरुवातीला सही करायच्या किल्ल्या बदलल्या आणि जुन्या कोअरपॅकमध्ये जुन्याच किल्ल्या भरलेल्या होत्या, त्यामुळे नव्या पॅकेजवरची सही त्याला ओळखू येईना. 'एनपीएम इन्स्टॉल -जी कोअरपॅक@लेटेस्ट' करा, ०.३१ पासून ठीक आहे. इंटरनेटवर 'कोअरपॅक_इंटिग्रिटी_कीज=०' ठेवा असा उपाय सापडेल, त्याने एरर जातो कारण तपासणीच बंद होते. एखाद्या बंद पडलेल्या डिप्लॉयला त्या क्षणापुरतं ठीक, कायमचं ठेवू नका.

१२. ऑफिसच्या विंडोज मशीनवर 'कोअरपॅक इनेबल' केलं की ईपर्म येतं. ॲडमिन राइट्स मिळत नाहीत.

नोड प्रोग्रॅम फाइल्समध्ये असतं आणि कोअरपॅकला आपल्या फाइली तिथेच ठेवायच्या असतात, म्हणून परवानगी अडते. 'कोअरपॅक इनेबल --इन्स्टॉल-डिरेक्टरी' च्या पुढे तुमच्या स्वतःच्या युझर फोल्डरमधली एखादी जागा द्या आणि ती जागा पाथमध्ये टाका. आयटीवाल्यांच्या मागे लागावं लागत नाही.

१३. एनव्हीएमने नोड बदललं की कोअरपॅक परत बंद पडतं.

हो, कारण एनव्हीएममध्ये (एकाच मशीनवर नोडची अनेक व्हर्जनं ठेवणारं टूल) प्रत्येक नोडचं बिन फोल्डर वेगळं आणि 'कोअरपॅक इनेबल' त्या त्या फोल्डरमध्येच काम करतं. नवीन नोड टाकलं की त्यात एकदा परत इनेबल करायचं, नोड २५ किंवा पुढचं असेल तर आधी इन्स्टॉल करायचं (७ बघा).

१४. गिटहब ॲक्शन्समध्ये 'मल्टिपल व्हर्जन्स ऑफ पीएनपीएम स्पेसिफाइड' येतं.

वर्कफ्लोच्या फाइलमध्ये पीएनपीएमच्या ॲक्शनला व्हर्जन दिलंय आणि पॅकेज डॉट जेसनमध्येही आहे, आणि दोन्ही जुळत नाहीत. वर्कफ्लोतलं काढून टाका, ती ॲक्शन फील्ड स्वतः वाचते. आणि 'अनेबल टू लोकेट एक्झिक्युटेबल फाइल पीएनपीएम' असं येत असेल तर पायऱ्यांचा क्रम उलटा झालाय, नोडच्या ॲक्शनला कॅशमध्ये पीएनपीएम सांगितलंय पण पीएनपीएम अजून आलेलंच नाही. पीएनपीएमची पायरी आधी, नोडची नंतर.

सीआयवर (कोड पाठवल्यावर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर, गिटहब ॲक्शन्स त्यातलंच) इन्स्टॉल करताना लॉकफाइल बदलू न देणारी कमांडच वापरा, 'एनपीएम सीआय', 'पीएनपीएम इन्स्टॉल --फ्रोझन-लॉकफाइल' किंवा यार्न ४ मध्ये 'यार्न इन्स्टॉल --इम्युटेबल'. व्हर्जन पक्कं केलं आणि लॉकफाइल मोकळी सोडली तर अर्धंच काम झालं.

१५. डॉकर इमेज बिल्ड होते, पण सर्व्हरवर कंटेनर सुरू होताना परत यार्न डाउनलोड करायला जाते आणि नेट नाही म्हणून पडते. बिल्डमध्ये तर उतरलं होतं!

उतरलं होतं, पण दुसऱ्याच्या घरी. कोअरपॅक उतरवलेली व्हर्जनं युझरच्या होममध्ये, डॉट-कॅशच्या आत ठेवतं. बिल्ड चालतं रूट म्हणून, मग डॉकरफाइलमध्ये पुढे 'युझर नोड' अशी ओळ येते (ती यायलाच हवी), आणि कंटेनर सुरू होतो नोड युझर म्हणून, त्याचं होम वेगळं, तिथे काहीच नाही. म्हणून ते परत उतरवायला धावतं.

उपाय असा, 'कोअरपॅक_होम' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल इमेजमध्ये दोघांनाही वाचता येईल अशा फोल्डरवर ठेवा, मग पॅकेज डॉट जेसन कॉपी करा, 'कोअरपॅक इनेबल' आणि 'कोअरपॅक इन्स्टॉल' चालवा, त्यानंतर डिपेन्डन्सी आणि सगळ्यात शेवटी बाकीचा कोड. याहून सोपं म्हणजे कंटेनर सुरू करताना 'यार्न स्टार्ट' न लिहिता थेट 'नोड' आणि तुमची फाइल लिहा. चालू सर्व्हरवर पॅकेज मॅनेजरचं कामच काय आहे?

१६. हॉस्टेलचं नेट संध्याकाळी जवळपास बंदच असतं. व्हर्जन आधीच उतरवून ठेवता येईल का?

येतं. नेट चांगलं असेल तिथे 'कोअरपॅक पॅक' च्या पुढे नाव आणि व्हर्जन देऊन चालवा, एक टीजीझेड फाइल तयार होईल. ती पेनड्राइव्हवर घ्या आणि आपल्या मशीनवर 'कोअरपॅक इन्स्टॉल -जी --कॅश-ओन्ली' च्या पुढे त्या फाइलचा पत्ता द्या. एकाने बनवलेली फाइल खोलीतल्या सगळ्यांना चालते. 'कोअरपॅक_इनेबल_नेटवर्क=०' ठेवलं तर ते नेटवर जायचा प्रयत्नच करणार नाही, लगेच सांगेल आहे की नाही. हे झालं फक्त पॅकेज मॅनेजरपुरतं, डिपेन्डन्सी वेगळ्या उतरवाव्या लागतीलच.

ऑफिसची स्वतःची रजिस्ट्री असेल आणि बाहेर जाऊच देत नसतील तर 'कोअरपॅक_एनपीएम_रजिस्ट्री' मध्ये तिचा पत्ता द्या.

१७. मोनोरेपोमध्ये प्रत्येक पॅकेजच्या जेसनमध्ये लिहायचं का?

मोनोरेपो म्हणजे एकाच रेपोत अनेक पॅकेज. नाही, फक्त मुळाशी, एकदाच. आतल्या पॅकेजमध्ये लिहिलं तर त्या फोल्डरमध्ये उभं राहून कमांड देणाऱ्याला वेगळं व्हर्जन मिळू शकतं. टर्बोरेपो (मोनोरेपोचं बिल्ड सांभाळणारं टूल) वापरत असाल तर २.० पासून मुळाच्या जेसनमध्ये हे फील्ड असलंच पाहिजे, नाहीतर ते चालायला नकार देतं.

१८. रेपोमध्ये पॅकेज-लॉक पण आहे आणि यार्न डॉट लॉक पण. खरं कोणतं?

गिटच्या लॉगमध्ये बघा शेवटचं कोणतं बदललं, आणि डिप्लॉय करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये बघा कोणती कमांड आहे. दोन्ही एकाच टूलकडे बोट दाखवत असतील तर दुसरं लॉकफाइल डिलीट करून फील्ड लिहा. वेगवेगळं सांगत असतील तर प्रॉडक्शनवर जे चालतं तेच खरं. होस्टिंगवाल्या बऱ्याच सेवा लॉकफाइल बघूनच टूल ठरवतात, त्यामुळे दोन ठेवणं धोक्याचं आहे. पीएनपीएमवर जायचं असेल तर लॉकफाइल उडवायच्या आधी 'पीएनपीएम इम्पोर्ट' चालवा, जुन्या लॉकफाइलमधली व्हर्जनं तशीच नव्यात येतात. नुसतं डिलीट करून नव्याने इन्स्टॉल केलंत तर शेकडो पॅकेज एका झटक्यात पुढे सरकतील.

१९. आम्ही प्रीइन्स्टॉलमध्ये 'ओन्ली-अलाउ पीएनपीएम' ठेवलंय, तेवढं पुरे ना?

ते फक्त नाव तपासतं, व्हर्जन नाही. असू द्या, पण फील्ड त्याच्याबरोबर लिहाच.

२०. मी एक लायब्ररी पब्लिश करते, तिच्यात हे फील्ड ठेवलं तर वापरणाऱ्यांवर जबरदस्ती होईल का?

नाही होणार. पॅकेजमॅनेजर आणि डेव्हइंजिन्स दोन्ही फक्त मुळाच्या प्रोजेक्टसाठी वाचली जातात, डिपेन्डन्सी म्हणून बसलेल्या पॅकेजमधली नाही. इंजिन्स मात्र वापरणाऱ्यापर्यंत पोचतं, त्यात तुमच्या टीमच्या आवडीचं पीएनपीएम व्हर्जन लिहू नका, नोडची रेंज तेवढी लिहा.

२१. व्हर्जन वाढवायचं कसं?

पीएनपीएम १० असेल तर 'पीएनपीएम सेल्फ-अपडेट', यार्न असेल तर 'यार्न सेट व्हर्जन', कोअरपॅक असेल तर 'कोअरपॅक यूज' (नेमकं व्हर्जन देऊन) किंवा 'कोअरपॅक अप' (त्याच मेजरमधलं नवीन). रेनोव्हेट (व्हर्जनं आपोआप वाढवून देणारा बॉट) लावलेलं असेल तर ते या फील्डसाठीसुद्धा पुल रिक्वेस्ट पाठवतं.

माझा एकच आग्रह आहे, हा बदल स्वतंत्र पुल रिक्वेस्टमध्ये करा. फील्ड आणि त्यामुळे बदललेलं लॉकफाइल, बस, दुसरं काही नाही. फीचरच्या कोडबरोबर मिसळलंत तर पुढे काही तुटल्यावर परत मागे जाताना फीचरही मागे जाईल.

२२. मी फील्ड लिहिलंच नव्हतं, तरी ते उगवलं! आणि एका मित्राकडे तर सगळेच प्रोजेक्ट यार्न मागतायत.

पहिलं कोअरपॅकचं काम. फील्ड नसलेल्या प्रोजेक्टमध्ये त्याच्यामार्फत यार्न किंवा पीएनपीएम चालवलं की ते स्वतःहून व्हर्जन लिहून टाकतं. बहुतेक वेळा चांगलंच आहे, व्हर्जन बघा, पटलं तर कमिट करा. नको असेल तर 'कोअरपॅक_इनेबल_ऑटो_पिन=०'.

दुसऱ्याचं कारण शोधायला जरा वेळ लागतो. फील्ड सापडेपर्यंत कोअरपॅक एकेक फोल्डर वर जात राहतं. मित्राच्या होम फोल्डरमध्ये एक भटकी पॅकेज डॉट जेसन पडलेली असणार, कधीतरी चुकीच्या जागी कमांड दिल्यावर तयार झालेली, आणि तिच्यात यार्न लिहिलेलं. त्याखाली ज्या ज्या प्रोजेक्टला स्वतःचं फील्ड नाही ते सगळे तिचं ऐकतात. 'एलएस -ए' करून होम फोल्डर बघायला सांगा, तिथली पॅकेज डॉट जेसन आणि नोड-मॉड्यूल्स काढून टाकायला सांगा.

२३. बनचं काय?

बन हे नोडऐवजी वापरता येणारं टूल, त्यात स्वतःचा पॅकेज मॅनेजरही असतो. कोअरपॅकला फक्त एनपीएम, यार्न आणि पीएनपीएम कळतात, बन नाही. फील्डमध्ये माहिती म्हणून लिहायला हरकत नाही, पण ते व्हर्जन खरंच बसवायला मिसेसारखं टूल किंवा सीआयमधली वेगळी पायरी लागेल.

२४. जुना प्रोजेक्ट हातात आलाय, फील्ड नाही, रीडमी नाही, बनवणारे सोडून गेलेत. व्हर्जन ओळखायचं कसं?

लॉकफाइल उघडा, ती बरंच सांगते. पॅकेज-लॉकमध्ये लॉकफाइल-व्हर्जन १ असेल तर एनपीएम ६ किंवा त्याआधीचं, २ असेल तर ७ किंवा ८ ने बनवलेलं, ३ असेल तर ९ किंवा पुढचं. २ च्या बाबतीत एक लक्षात ठेवा, नवीन एनपीएम २ ला हात लावत नाही, तसंच ठेवतं, म्हणजे आज कोणी ११ वापरत असला तरी फाइल २ च म्हणेल. यार्न डॉट लॉकच्या माथ्यावर 'यार्न लॉकफाइल व्ही१' लिहिलं असेल तर यार्न १, आणि 'मेटाडेटा' असा भाग दिसला तर यार्न २ किंवा पुढचं. पीएनपीएमच्या लॉकफाइलमध्ये ५.४ असेल तर बहुधा पीएनपीएम ७, ६.० असेल तर ८, ९.० असेल तर ९ किंवा १०.

मग 'गिट लॉग' ला त्या लॉकफाइलचं नाव देऊन शेवटची तारीख बघा, डॉकरफाइलमध्ये किंवा डॉट-एनव्हीएमआरसीमध्ये नोडचं व्हर्जन बघा, सीआयचे जुने लॉग उघडत असतील तर उत्तमच, त्यात व्हर्जन छापलेलं सापडतं. या सगळ्यातून एक मेजर व्हर्जन हाती लागेल, त्यातलं त्या तारखेच्या जवळचं घ्या.

आता नवीन फोल्डरमध्ये रेपो क्लोन करा आणि त्या व्हर्जनने १४ मधल्या कमांडपैकी जी लागू असेल ती चालवा, लॉकफाइल बदलू न देणारी. न कुरकुरता पूर्ण झाली, बिल्ड झालं, टेस्ट चालल्या, की तेच व्हर्जन फील्डमध्ये लिहा आणि दुसरं काहीही बदलायच्या आधी कमिट करा. अडली तर लगेच लॉकफाइल डिलीट करू नका, आधी त्याच मेजरमधलं मागचं-पुढचं व्हर्जन लावून बघा, आणि त्यानेही नाही झालं तर एररच्या पहिल्या काही ओळी ग्रुपवर टाका, स्क्रीनशॉट नको, टेक्स्ट टाका, शोधता येतं.